सावली कुणाच्या शिवारातून?

२०२४च्या जून-जुलैत शिरूर आणि दौंड तालुक्यांतली माणसे रात्ररात्र जागली. आकाशात ड्रोन फिरतात, आधी टेहळणी होते आणि मागून चोरी, अशी बोलवा होती. ओट्यावर, गच्चीवर, उसाच्या बांधावर पोरे काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन बसायची. पोलिसांना फोन जायचे, गावोगाव गस्ती लागल्या. भीती खरी होती, तिची थट्टा करण्याचे कारण नाही. पण त्या रात्रींत एक काम फार शिस्तीत चालले होते आणि त्याचे कौतुक कुणीच केले नाही. एका वस्तीवरून दिवा सरकला की पुढच्या वस्तीला फोन. ‘आत्ता आमच्यावरून गेला, नऊ चाळीस झालेत, तुमच्याकडं आला का?’ तिकडून उत्तर यायचे, ‘नाय बा, पण नदीच्या अंगाला कायतरी चमकतंय.’ तिसऱ्या वस्तीवरचा म्हणायचा, इकडे काहीच नाही. वेळ, दिशा, दिसले की नाही. तीनच गोष्टी, पण चार गावांतून आणि घड्याळ बघून.

सूर्यमालेच्या पार कडेला फिरणारे बर्फाळ पिंड माणसाने असेच मोजले आहेत. अगदी असेच. फरक एवढाच, की तिथे दिवा सरकत नाही, विझतो.

नेपच्यूनच्या पलीकडे क्युपर पट्टा नावाचा प्रदेश आहे. सूर्यमाला घडली तेव्हा उरलेला माल तिथे थंडीत तसाच पडून आहे. प्लूटो त्यातलाच. २००६ साली प्लूटोचे ग्रहपद गेले तेव्हा आपल्याकडे पेपरांनी मृत्युलेखाच्या थाटात रकाने भरले; त्याच्या आसपास फिरणाऱ्या हजारो भावंडांची दखल मात्र फारशी कुणी घेतली नाही. त्यांतला एक अरोकोथ. २६ जून २०१४ रोजी हबल दुर्बिणीने तो टिपला. लांबी जेमतेम ३६ किलोमीटर, अंतर ६६० कोटी किलोमीटर, सूर्याभोवतीची एक फेरी सुमारे ३०० वर्षांची. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन करून साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. ती वस्ती बसली तेव्हापासून आजवर अरोकोथच्या साधारण बारा फेऱ्या झाल्या असतील. तेराव्या फेरीत कुठेतरी तो आपल्या हाती लागला.

आता ३६ किलोमीटरचा दगड ६६० कोटी किलोमीटरवरून मोजायचा कसा? हबललाही तो एका ठिपक्याएवढाच दिसतो. आकार नाही, कड नाही. त्यासाठी सावली वापरतात. असा पिंड सरकता सरकता एखाद्या ताऱ्याच्या बरोबर पुढे येतो आणि त्या ताऱ्याचा उजेड अडवतो. खगोलाच्या भाषेत हे पिधान. तारा इतका दूर असतो की त्याचे किरण समांतर येतात, म्हणून पृथ्वीवरून जाणारी ही सावली त्या पिंडाएवढीच रुंद असते. ती अंगणात पडलेली दिसत नाही, कोंबड्यालाही तिचा पत्ता लागत नाही. दुर्बिणीत धरून ठेवलेला एक बारीक तारा विझतो आणि पुन्हा लागतो, बस्स. सावलीचा वेग सेकंदाला वीसपंचवीस किलोमीटरच्या घरात, म्हणजे अरोकोथसारख्याच्या बाबतीत सगळा खेळ सेकंद-दीड सेकंदाचा.

इथे शिरूर आणि दौंड ही दोन गावे नकाशावर शेजारी ठेवून बघण्यासारखी आहेत. सरळ रेषेत दोहोंत पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास अंतर. शिरूर उत्तरेला घोड नदीवर, दौंड दक्षिणेला भीमेवर. अरोकोथची सावली पूर्व-पश्चिम पट्ट्याने या भागावरून गेली असे धरा. ती या दोन्ही गावांना न शिवता मधूनच निघून जाऊ शकते. शिरूरच्या बाजारपेठेत दुर्बीण लावून बसलेल्याला काही दिसणार नाही, दौंड जंक्शनच्या पुलावर उभ्या असलेल्यालाही नाही. दिसेल ते मांडवगण फराट्याला, इनामगावला, नदीकाठच्या एखाद्या वस्तीवर. आणि पुण्याच्या टेकडीवर सगळ्यात मोठी दुर्बीण असली आणि सावली तिच्या बाजूने वीस किलोमीटरवरून निघून गेली, तर तिचा काडीचा उपयोग नाही. आकाशात काही घडायचे असले की आपल्याकडच्या बातम्यांचे मथळे ‘पुणेकरांसाठी पर्वणी’ असे असतात. ही पर्वणी पुणेकर आणि मांडवगणकर असा भेद पाळत नाही. पाळलाच तर उलट बाजूने पाळते, कारण अंधार तिकडे जास्त आहे.

एकाच दुर्बिणीने हे काम होत नाही. सावलीच्या वाटेवर आडव्या ओळीत, काही-काही किलोमीटरवर माणसे बसवावी लागतात. एका गावाला तारा दीड सेकंद विझला, चार कोस पलीकडे पाऊण सेकंद, त्याच्याही पुढे विझलाच नाही. या नोंदी एकाखाली एक मांडल्या की पिंडाची बाह्यरेषा कागदावर उतरते. १७ जुलै २०१७ रोजी अर्जेंटिनाच्या दक्षिणेला कोमोदोरो रिवादाविया या गावाच्या परिसरात नासाच्या लोकांनी अरोकोथसाठी हेच केले. आधी ३ जूनला अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिकेत दुर्बिणी मांडून झाल्या होत्या, हाती काही लागले नव्हते. जुलैत चोवीस फिरत्या दुर्बिणी लावल्या, त्यांतल्या पाचांना सावली सापडली. त्या पाच नोंदींवरून शास्त्रज्ञांनी तेव्हाच सांगितले, की हा एक गोळा दिसत नाही, दोन चिकटलेले तरी आहेत किंवा एकमेकांभोवती फिरणारी जोडी तरी. १ जानेवारी २०१९ रोजी नासाचे न्यू होरायझन्स यान अरोकोथपासून ३,५०० किलोमीटरवरून गेले आणि फोटो आले. दोन चपटे, तांबूस गोळे, एकमेकांना अलगद टेकून चिकटलेले. वर मिथेनॉलचा बर्फ. गावकुसाबाहेर थंडीत कुडकुडत काढलेली आकृती यानाने पुढे पुरी करून दिली.

पण त्या रात्रीतले आमच्या कामाचे वेगळेच आहे. पॅटागोनियाचा वारा दुर्बिणी हलवत होता, तेव्हा स्थानिक ट्रकवाल्यांनी आपले ट्रक आडवे लावून आडोसा केला. राष्ट्रीय महामार्ग दोन तास बंद ठेवला, कारण गाड्यांचे हेडलाइट नकोत. गावातले रस्त्यावरचे दिवे मालवले. बर्फाचा एक तुकडा दीड सेकंद तारा झाकणार, यासाठी एका नगराने आपला उजेड दोन तास बाजूला ठेवला.

हे पुणे-नगर रस्त्यावर करून बघा असे कुणी म्हटले, तर त्याला हसतील. शिक्रापूर ते रांजणगाव दिवसासुद्धा वाहतूक हलत नाही, रात्री कंटेनरांची रांग असते. पलीकडे सोलापूर रस्त्यावर यवत, पाटस, कुरकुंभ. साखर हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत, मागे धड लाल दिवाही न लावता चाललेले असतात; तिथे अंधार करा म्हणणे म्हणजे माणसे मारायला सांगणे. राहू-पारगावच्या पट्ट्यात गुऱ्हाळांचा धूर आणि चुलवणांचा उजेड. रांजणगावच्या आणि कुरकुंभच्या एमआयडीसीचा फिकट पिवळा घुमट दहापंधरा किलोमीटरवरून ओळखू येतो.

आणि बिबट्या. हा विषय टाळून अंधाराची भलामण करणारा माणूस एकतर शहरात राहतो किंवा त्याला उसाला पाणी धरावे लागत नाही. शिरूरच्या उत्तरेकडे पिंपरखेड-जांबुतच्या बाजूला बिबट्याने माणसे, लेकरे मारली आहेत. दौंडकडच्या उसातही तो आता पाहुणा राहिलेला नाही. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, उसात बिबट्याची मादी व्याली, आणि शेतीपंपाला थ्री-फेज लाईट पाळीपाळीने रात्रीची. मग रात्री दोन वाजता मोटर चालू करायला जायचे आणि एका हातात बॅटरी, एका हातात खोरे घेऊन दारे धरायची. अशा माणसाला ‘आकाशासाठी दिवे घालवा’ असे सांगण्याचे धाडस या स्फुटात नाही. दिवसा लाईट द्या ही त्याची मागणी आधी पुरी व्हावी. ती झाली तर रात्रीचे निम्मे भय आपोआप सरेल.

मात्र त्या भयाच्या नावावर गावात जो उजेड येतो त्याबद्दल दोन शब्द बोललेच पाहिजेत. चौकाचौकात हायमास्ट उभे राहिले. खांबावर निधी देणाऱ्याचे नाव, वर चार-सहा फोकस, आणि त्यांची तोंडे अशी तिरकी की निम्मा उजेड आभाळात जातो, उरलेला समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत. वस्तीच्या वाटेवर, गोठ्यापाशी, जिथे बिबट्या येतो तिथे, काळोखच. खांब चौकात का आणि गोठ्यापाशी का नाही? गोठ्यापाशी नाव वाचायला कोण येणार! झाकण लावलेला, खाली तोंड केलेला साधा एलईडी वाटेवर लावला तर कमी विजेत जास्त दिसते, म्हशीला दिसते, माणसाला दिसते, आणि वरचे आभाळही शिल्लक राहते. जानेवारी २०२४ मध्ये नागपूरच्या बाजूचा पेंच व्याघ्र प्रकल्प भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. तिथे वाघ आहेत, गावेही आहेत. तेव्हा जनावराची भीती आणि तारे यांचे वैर असलेच पाहिजे असे काही नाही.

सावलीच्या मागे माणसे या मुलखात आली नव्हती असेही नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा पश्चिम भारतावरून गेला. पुण्यात प्लेगचे दिवस होते. तरी दौंडवरून पुढे सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जेऊर या लहानशा स्टेशनापाशी तंबू पडले. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल तिथे चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन उतरले होते. आणि पुण्याहून आले होते कावसजी दादाभाई नायगमवाला, कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रमुख. खग्रास अवस्था जेमतेम दोन मिनिटांची. त्यासाठी एवढा लवाजमा समुद्र ओलांडून करमाळा तालुक्यात आला, कारण सावली जिथून जाणार तिथेच जावे लागते. नायगमवालांचा त्या ग्रहणावरचा अहवाल १९०२ साली छापून निघाला. १९१२ मध्ये पुण्याची ती वेधशाळा बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण, एकेकाळी देशातली सर्वात मोठी, कोडाईकनालला गेली. पुण्याला नंतर आयुका ही खगोलसंशोधन संस्था मिळाली, जिल्ह्याच्या उत्तरेला खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आणि गिरवलीची दुर्बीण मिळाली. हौशी मंडळींची ज्योतिर्विद्या परिसंस्था तर १९४४ पासून आहे. तालुक्याला मात्र आकाशातले काही मोजायचे काम कुणी दिले नाही. फार तर ग्रहणाचे चष्मे वाटायला येतात.

काम द्यायला हरकत काय आहे? खर्चाचे म्हणाल तर आठ-दहा इंची दुर्बीण, तिला जोडायचा कॅमेरा आणि प्रत्येक चित्रावर उपग्रहाची अचूक वेळ उमटवणारे जीपीएस, हे सगळे एका नव्या ट्रॅक्टरपेक्षा स्वस्तात येते. सावली कुठून जाणार हे आता आधी कळते. युरोपच्या गाया उपग्रहाने ताऱ्यांच्या जागा इतक्या बारकाईने नोंदल्या आहेत की पूर्वी जिथे हजार किलोमीटरची चूक व्हायची तिथे आता पट्टा जिल्ह्यावर, कधी तालुक्यावर आणून ठेवता येतो. घड्याळ मात्र चोख हवे, सेकंदाच्या दहाव्या-शंभराव्या भागापर्यंत. दौंडसारख्या रेल्वेच्या गावात वेळेचे महत्त्व कुणाला शिकवावे लागू नये, जरी गाडीच्या बाबतीत त्याचा अनुभव वेगळा असला तरी.

खोटी आशाही लावायला नको. नेपच्यूनपलीकडच्या एखाद्या पिंडाची सावली, तीही छोट्या दुर्बिणीत पकडता येईल अशा ताऱ्यापुढून, नेमकी आपल्याच तालुक्यावर पडावी, असा योग दरसाल येत नाही. पावसाळ्याचे चार महिने तर असेच जातात. अर्जेंटिनात दोन तास महामार्ग बंद ठेवला तसा इथे जुलैत ढग बंद ठेवता येत नाहीत. मधल्या काळात मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांवर हात बसवायचा, त्यांची पिधाने पुष्कळ होतात.  लघुग्रहांची सावली पकडता आली की पुढे बर्फाळ पिंडांची वाट बघायची.

आणि वाट बघण्यासारखे खूप आहे. शनी आणि युरेनस यांच्यामध्ये फिरणारा चारिक्लो अडीचशे किलोमीटरचा. ३ जून २०१३ रोजी दक्षिण अमेरिकेत त्याचे पिधान होते. तारा मुख्य सावलीत काही सेकंद विझणार हे ठरलेले होते; पण त्याच्या आधी क्षणभर आणि नंतर क्षणभर तो पुन्हा मिचकावला. त्या दोन मिचकावण्यांतून कळले, की एवढ्याशा पिंडाभोवती शनीसारखी कडी आहेत, एक सात किलोमीटर रुंद, दुसरे तीन. कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. पुढे हाउमेआ आणि क्वावार या नेपच्यूनपलीकडच्या पिंडांचीही कडी अशीच सापडली. ६ नोव्हेंबर २०१० रोजी चिलीतल्या नोंदींनी एरिस या तशाच पिंडाला प्लूटोएवढा करून टाकले. त्याआधी त्याला मोठा मानत आणि प्लूटोचे पद जाण्यात त्याचाच हात होता. खुद्द प्लूटोभोवती विरळ हवा आहे हेही पिधानातूनच पक्के झाले, १९८८ साली. आणि ६ जून २०२० रोजी, सगळा देश घरात बसलेला असताना, उत्तराखंडातल्या देवस्थळच्या दुर्बिणींनी प्लूटोचे पिधान टिपले आणि त्या हवेचा दाब २०१५ पासून जवळपास स्थिर आहे असे निघाले. देवस्थळ डोंगरावर आहे, तिथल्या दुर्बिणी मोठ्या. पण चारिक्लोच्या रात्री कामाला आलेल्यांत लहान दुर्बिणीही होत्या. अडीचशे किलोमीटरची सावली म्हणजे अख्खा पुणे जिल्हा आणि वर शेजारचा नगरचा भाग. तिथे दर दहा-वीस किलोमीटरला एक माणूस बसला असता, तर त्याला कामाला तोटा नसता.

म्हणून मागणे अगदी लहान आहे. शिरूर आणि दौंड इथल्या महाविद्यालयांनी, मधल्या गावांच्या हायस्कुलांनी, मिळून चार-पाच दुर्बिणी घ्याव्यात आणि त्या कपाटात कुलूपबंद करू नयेत. खजिन्यातली वस्तू म्हणून हार घालून ठेवलेली दुर्बीण आम्ही ठिकठिकाणी पाहिली आहे. तिच्या भिंगावर बुरशी येते आणि तपासणीच्या दिवशी ती बाहेर निघते. विज्ञान दिनाला थर्माकोलची सूर्यमाला रंगवण्यात जो वेळ जातो त्यातला निम्मा एका ताऱ्याचा उजेड सेकंदासेकंदाने मोजण्यात जावा. ग्रामपंचायतीने वर्षातून एखाद्या रात्री, आधी दवंडी देऊन, शाळेच्या मैदानाभोवतीचे दिवे तेवढे तासभर बंद ठेवण्याचा ठराव करावा. वाटांवरचे आणि गोठ्यांपाशचे चालू ठेवून. महावितरणला याची तयारी करून द्यावी लागणार नाही, त्यांचा सराव दांडगा आहे.

पोरांना एकच गोष्ट आधीपासून बजावावी लागेल. समजा, ठरल्या रात्री मांडवगणच्या मुलीने लिहिले की तारा १.३ सेकंद विझला, इनामगावच्या मुलाने ०.६ लिहिले, आणि शिरूरच्या पोराने तासभर डोळा लावूनही तारा होता तसाच राहिला. तो पोरगा हिरमुसून वही मिटेल, सर म्हणतील, ‘जाऊ दे, पुढच्या वेळी.’ सरांनी तसे म्हणू नये. सावली कुठे संपली हे फक्त शिरूरच्याच वहीतून कळते. उत्तरेची कड त्याच्याशिवाय काढता येत नाही. तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश आणि ‘काही झाले नाही’ असे स्वच्छ अक्षरात लिहून ती वहीही इतरांच्याबरोबर पुण्याला पाठवायची.